मराकेशला समुद्र नाही

मामाने आणलेला दिवा आमच्या वेंगुर्ल्याच्या घराच्या पडवीत टांगलाय, त्याला आता पस्तीस वर्षं तरी झाली. मामा बोटीवर होता. कोकणात 'बोटीवर' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही, प्रत्येक वाडीत दोन-चार जण असतातच. त्याची बोट मोरोक्कोहून फॉस्फेट भरून आणायची, आपल्याकडच्या खतांच्या कारखान्यांसाठी. कासाब्लांकाला माल भरायला नंबर लागेपर्यंत आठ-आठ दिवस बाहेर नांगर टाकून बसावं लागे, आणि एकदाचा नंबर लागला की मामा गावात फिरून काहीतरी घेऊन येई. एका खेपेला हा दिवा आणला. पितळेचा, सोललेल्या नारळाएवढा, अंगभर बारीक भोकं. आजीने तो उलटापालटा करून बघितला आणि विचारलं, "अरे, पण ह्यात वात खंय घालूची?"

वात नव्हतीच. आत बल्ब सोडायचा होता. पण दिवस पावसाचे, लाइट दोन दिवस गायब. मामाने आत मेणबत्ती उभी केली आणि पडवीची भिंत, खांब, आजीचं लुगडं, सगळ्यावर ठिपके ठिपके झाले. मी सात वर्षांची होते. माझ्या धंद्याची सुरुवात त्या रात्री झाली असं कुठे मुलाखतीत सांगायला बरं वाटेल, पण खरं म्हणजे मेणबत्तीने दिव्याला आतून काजळी धरली म्हणून आईने मामाला जे झापलं तेच जास्त आठवतं. खाऱ्या हवेने तो दरवर्षी हिरवा पडतो. आई चतुर्थीच्या आधी समया घासायला काढते तेव्हा हाही उतरवते आणि कोकमाचं आगळ लावून लख्ख करते.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे दोन वर्षांपूर्वी आलेलं एक काम.

मी इंटिरियरची कामं करते. वेंगुर्ला, शिरोडा, फार तर मालवणपर्यंत. बहुतेक होमस्टे. डोंबिवलीचं एक जोडपं आलं, शिरोड्याजवळ वडिलोपार्जित घर, मागे माडाची बाग, चार खोल्या पाहुण्यांसाठी काढायच्या होत्या. दोघं नुकतीच मोरोक्कोची सहल करून आली होती. "ताई, आम्हाला मोरोक्कन थीम हवीये," म्हणून त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. स्क्रीनशॉट किती होते ते मी मोजले नाहीत, पण चहा गार झाला तरी संपेनात.

मी स्वतः मोरोक्कोला गेलेले नाही, हे आधीच सांगून टाकते. जे कळलं ते पुस्तकं, व्हिडिओ आणि हात खराब करून.

त्या स्क्रीनशॉटमध्ये सगळ्याची मिसळ होती. बर्बर गालिचे, मूरिश कमानी आणि एक झगझगीत निळी भिंत. ती भिंत दोघांना फार 'पारंपरिक' वाटत होती. ती मराकेशच्या माजोरेल बागेतली. जाक माजोरेल या फ्रेंच चित्रकाराची ती निळाई, आणि बाग पुढे १९८० मध्ये फॅशनवाल्या इव्ह सँ लोराँ आणि पिएर बर्जे यांनी विकत घेऊन वाचवली. आपल्याकडे चुन्यात धुण्याची नीळ घालून भिंती सारवायचे, त्याची ही श्रीमंत चुलत बहीण. छान आहे, पण तिला पारंपरिक म्हणायचं तर आमच्या घरातल्या सनमायकालाही म्हणावं लागेल.

आणि तो 'बर्बर' शब्द. मराठीत बर्बर म्हणजे रानटी. तिथेही हे नाव बाहेरच्यांनीच दिलेलं. ते लोक स्वतःला अमाझिघ म्हणतात, अनेकवचनी इमाझिघेन. त्यांच्या भाषेला २०११ च्या राज्यघटनेत अरबीबरोबर अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला. 'मूर' हाही युरोपने चिकटवलेलाच शब्द, स्पेन आणि उत्तर आफ्रिकेतल्या मुसलमानांना सरसकट लावलेला. मी मालकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मग बोर्डावर काय लिहायचं?" मी म्हटलं, घराचं नाव लिहा.

आता फरशांची गोष्ट. त्यांना झेलिज हवं होतं. झेलिज म्हणजे फेझ शहरात होणारं मातीच्या रंगीत तुकड्यांचं काम. तिथल्या मातीच्या चौकोनी लाद्या थापतात, भाजतात, वर रंगीत काच चढवून पुन्हा भाजतात. मग कारागीर खाली बसून, दोन्हीकडे धार असलेल्या जड हातोडीने एकेक लादी फोडून तुकडे काढतो. कुठे तारा, कुठे बदाम, कुठे करंगळीच्या पेराएवढी पट्टी. व्हिडिओत बघताना मला वाटलं होतं की हा माणूस फोडतोय, पण तो तासतोय. खोबऱ्याचा काप करताना विळीवर आपला हात जसा सवयीने चालतो तसा. आणि पुढचं तर मला अजून नीट पचलेलं नाही. जुळवणारा कारागीर ते तुकडे जमिनीवर पालथे मांडतो. रंग खाली, मातीची बाजू वर. म्हणजे समोर नुसते मातकट तुकडे, आणि कुठला हिरवा, कुठला निळा ते डोक्यात. सगळं मांडून झालं की पाठीवर गिलावा ओततो, आणि तो तक्ता सुलटा करून भिंतीला लावतो. उलट्या बाजूने रांगोळी काढायची, आणि ती कशी आली ते शेवटी बघायचं!

मालकांनी मला न विचारता 'हातानं कापलेलं झेलिज' असं लिहिलेलं बघून ऑनलाइन मागवलं. सहा खोकी. मी पहिलं खोकं फोडलं तर आत छापील लाद्या. वर चकाकी थोडी उंचसखल दिसते खरी, एका कोपऱ्यात टवका गेल्यासारखं आहे. पण चार लाद्या शेजारी ठेवल्या तर चारही लाद्यांना तोच टवका, त्याच कोपऱ्यात. विक्रेत्याने परत घ्यायला नकार दिला. खोकी उघडली म्हणे. न उघडता टवका कसा दिसणार, हे काही त्याने सांगितलं नाही. त्या लाद्या शेवटी मागच्या दारी कपडे धुवायच्या ओट्याला लावल्या. तिथे शोभतात.

खरं झेलिज परदेशातून आणणं त्यांच्या ऐपतीबाहेर होतं. आणि नक्षी मिळाली नाही म्हणून बिघडत नव्हतं, असं माझं मत. फेझमधला बू इनानिया मदरसा बघा, १३५० च्या दशकातला. अंगणाच्या भिंतीला खाली झेलिज, कमरेच्या वरपर्यंत. त्याच्यावर कोरलेला जिप्समचा गिलावा, त्याला गेब्स म्हणतात. आणि सगळ्यात वर देवदाराचं कोरीव लाकूड. स्पेनमधल्या ग्रॅनाडाच्या अल्हाम्ब्रा राजवाड्यातही साधारण हाच क्रम. जिथे माणसाची पाठ घासते, पाणी उडतं, तिथे भाजलेली लादी. जिथे हात पोचत नाही तिथे नाजूक गिलावा. छपराला लाकूड. आमच्या आजोळच्या घरातही जोतं चिऱ्याचं, भिंतीला चुना, वर फणसाचे वासे. पण ग्राहकाला हे सांगितलं की तो म्हणतो, "हो ताई, पण तारे हवेत."

बाकी ताऱ्यांचं नातं आपल्यालाही लांबचं नाही. झेलिजचाच भाऊ असलेल्या 'झुलैज' या अरबी शब्दापासून पोर्तुगीजांचा 'अझुलेजो', म्हणजे चकाकी चढवलेली रंगीत लादी, झाला, आणि तो गोव्यात आला. पणजीत फोंतेन्हासमधल्या घरांवरच्या निळ्या-पांढऱ्या नावाच्या पाट्या बघा. मिनेझेस ब्रागांझा संस्थेच्या दारातून आत शिरलं की दोन्ही भिंतींवर लाद्यांची मोठी चित्रं आहेत, १९३५ ची, पोर्तुगीज चित्रकार जॉर्ज कोलासो यांची. मी मालकांना मुद्दाम तिथे नेलं. बाई बराच वेळ बघत उभ्या होत्या. साहेब पार्किंगचं बघायला गेले.

तर न्हाणीघर. पाच बाय आठ फूट. इथे मी हट्ट धरला तो तादेलाक्तचा.

तादेलाक्त हा मराकेशकडचा चुन्याचा गिलावा. नावातच रगडणं आहे, अरबीत 'दलक' म्हणजे चोळणं, मालिश करणं. हमामखान्यात, पाण्याच्या टाक्यांना, रियादच्या, म्हणजे मधे अंगण असलेल्या तिथल्या जुन्या घरांच्या, न्हाण्यांना हाच लावतात. चुना थापायचा, तो आवळत आला की गुळगुळीत गोट्याने रगडत राहायचा, मग ऑलिव्ह तेलाचा काळा मऊ साबण पाण्यात कालवून लावायचा आणि पुन्हा रगडायचा. जोड नाही, लादी नाही, पाणी आत शिरत नाही. का शिरत नाही, तर साबणातली तेलाची आम्लं चुन्यातल्या कॅल्शियमला धरतात आणि पाण्यात न विरघळणारा थर होतो. किनाऱ्यावरच्या जड पाण्याच्या विहिरीवर साबण लावला तर फेस न होता बादलीला पांढरा चिकट साका धरतो ना, तोच. आयुष्यभर आपण तो घासून काढतो, आणि तिकडे तो मुद्दाम भिंतीत जिरवतात.

आमचे मेस्त्री सत्तरीला टेकलेले. मी व्हिडिओ दाखवला. त्यांनी फोन लांब धरून, डोळे बारीक करून पूर्ण बघितला आणि म्हणाले, "ह्यां नवीन काय आसा? माझो बापूस देवळाच्यो भिंती अशेच घासायचो."

ते काव कामाबद्दल बोलत होते. गोव्यात आणि तळकोकणातल्या काही जुन्या देवळांच्या भिंतींवर अजून दिसतं. पांढऱ्या चुन्यावर लाल कावेचा थर, ओला असतानाच टोच्याने कोरून खालचा पांढरा उघडा करायचा. वेली, मोर, हत्ती, दशावतार. चुना शिंपल्यांचा, भट्टीत भाजून केलेला, त्यात वाळू आणि गूळ. आणि वरून गोट्याने घासून चकाकी. नव्या जीर्णोद्धारात यातलं किती खरवडून त्यावर लाद्या बसवल्या याचा मी हिशोब मांडायला लागले तर हा लेख वेगळाच होईल, तेव्हा राहू दे.

पहिला प्रयोग माझ्यामुळे फसला. जूनचा पहिला आठवडा, मालकांना घाई, मला त्यांच्यापेक्षा जास्त. न्हाणीघराला आधीच सिमेंटचा गिलावा होता. मेस्त्री म्हणाले, "सिमिटावर चुनो बसाचो नाय, बाय." मी म्हटलं, नमुना तर करून बघू. तीन बाय तीन फुटाचा चौकोन केला. त्याच रात्री पाऊस सुरू झाला. चुना चार दिवस ओलाच. पाचव्या दिवशी बारीक चिरा, मग मी बोटाने कोपरा नुसता उचलला तर आख्खा पापुद्रा आंबोळीसारखा सुटून हातात आला. मेस्त्रींनी तो घेतला, मोडला, बाहेर माडाच्या बुंध्यात टाकला. बोलले काही नाहीत. त्यांनी बोलायला हवं होतं असं मला वाटलं.

मराकेशला वर्षाला जेमतेम २००-२५० मिलिमीटर पाऊस. आमच्याकडे तेवढा एका दिवसात पडलेला मी बघितलाय. शिवाय तिथल्या चुन्यात मुळातच मातीचा अंश आणि न भाजलेली कच असते, त्यामुळे तो दमट जागेतही आवळतो. आमचा शिंपल्यांचा चुना फार शुद्ध. शुद्ध म्हणजे आळशी. हवा खाऊन खाऊन हळूहळू घट्ट होतो.

डिसेंबरात पुन्हा बसलो. सिमेंट सगळं तोडलं, आतला चिरा उघडा केला, त्याला टाचे मारले. महिनाभर टाकीत भिजवलेला चुना. खालच्या थरात वाळू आणि विटांची सुरखी, म्हणजे आवळायला मदत. मेस्त्रींना गूळ घालायचाच होता. मी मुंग्यांची भीती घातली. त्यांनी मान डोलावली आणि मी जेवायला गेल्यावर घातला. मुंग्या दोन दिवस येऊन गेल्या, मग त्यांनाही चव आवडली नसावी.

वरच्या थराला चुना, संगमरवराची पूड आणि रंगाला काव. निळा नाही, हिरवा नाही. मराकेशही लाल शहरच. मालकिणीला काव हातात घेऊन दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, "अगदी हाच रंग होता तिथे." मी म्हटलं, ही तुमच्या कंपाउंडबाहेरची माती आहे.

शेवटच्या दिवशी सकाळी सातला थापायला घेतलं. लाकडी रंध्याने सारखं केलं, मग थापीने दाबलं. बोट लावल्यावर बोटाला चिकटत नाही पण ओल लागते, इथे गोटा सुरू करायचा. आधी केला तर चुना ओढला जातो, उशिरा केला तर दगड नुसता वरून सरकतो. दोन गोटे मी तेरेखोलच्या पात्रातून वेचून आणले होते, चांगले धुऊन. मेस्त्रींनी ते बघितले, बाजूला ठेवले आणि पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला स्वतःचा काढला. काळा, साबणाच्या वडीएवढा, एक बाजू झिजून आरसा झालेली. दुसऱ्या बाजूला अंगठा बसायची खोलगट जागा, ती कोणी केलेली नव्हती, पडलेली होती. वडिलांच्या अंगठ्याने आणि मग यांच्या.

मधे थांबता येत नाही, थांबलं की तिथे रेघ दिसते. चहा भिंतीपाशीच. सुरुवातीला दगड खरखर करतो, मग नुसता चुर्र, आणि एक वेळ अशी येते की आवाजच बंद होतो. मी विचारलं, झालं हे कसं ओळखायचं? म्हणाले, "दगड गप झालो की." साबण मी बाहेरून मागवला होता. पाण्यात कालवून कुंचल्याने लावला तशी भिंत काळपट लाल झाली, ताजा चिरा कापल्यावर आत दिसतो तशी. मग परत गोटा. दुपारी दोनला माझा उजवा हात वर जाईना. मेस्त्री तीनपर्यंत घासत होते.

महिनाभर तिथे पाणी लागू दिलं नाही. मालकांना एकच ताकीद दिली, या भिंतीला अ‍ॅसिडवालं क्लीनर, लिंबू, व्हिनेगर काही लावायचं नाही, चुना खाऊन टाकतं. साध्या साबणाने पुसायचं. दाराच्या आतल्या बाजूला तशी पाटीच लावली. तरी पहिल्याच महिन्यात कोणी पाहुण्याने लिंबू पिळून अंगाला लावलं आणि नळाखाली पाच ओघळ उमटले, फिके. ते मी काढले नाहीत. निघण्यासारखे नाहीत.

गालिच्याचं थोडक्यात सांगते, कारण ते थोडक्यातच संपलं. मालकांनी मराकेशच्या बाजारातून बेनी उरैन आणला होता. पांढरी जाड लोकर, त्यावर काळ्या रेघांचे चौकट-बदाम. मधल्या अ‍ॅटलस पर्वतातल्या जमातींच्या बायका विणतात. तिथे बर्फ पडतं, तो मुळात अंथरायला आणि पांघरायला केलेला. शिरोड्याच्या जुलैत त्याला आधी ओल्या मेंढराचा वास आला, मग बुरशी, आणि श्रावणात गुंडाळी उघडली तर कसर. आता तो डोंबिवलीला एसीत असतो.

तिकडच्या बायका आणखी एक प्रकार करतात, बुशेरवीत. लोकर महाग होत गेली तसं जुन्या कपड्यांच्या चिंध्या फाडून त्या मागावर गाठी मारून विणायच्या. रंगांना धरबंध नाही, जे फाटलं ते आत गेलं. युरोपातल्या दुकानांत ते आता आधुनिक चित्रासारखे भिंतीवर लावतात. मी फोटो आईला दाखवला. आई म्हणाली, "ही गोधडीच की. पण आतून शिवलेली नाही, पसरट वाटते." बरोबर ओळखलं. गोधडीत थर आणि टाके, यात माग आणि गाठी. होमस्टेतल्या चार खोल्यांत शेवटी गावातल्या बायकांकडून शिवून घेतलेल्या गोधड्याच गेल्या. धुता येतात, उन्हात टाकता येतात. मालकांनी वेबसाइटवर त्यांना 'मोरोक्कन स्टाइल क्विल्ट' म्हटलंय. त्यावरून आमचं एकदा वाजलं. अजून तसंच लिहिलेलं आहे.

मामाचा दिवाही त्यांना हवा होता. किंमत विचारायला दोघं घरी आली होती. आईने त्यांना सोलकढी दिली, दिवा कसा घासायचा ते सविस्तर सांगितलं, आणि विषय बदलला.

गेल्या महिन्यात एका पाहुणीने तिथल्या वहीत लिहिलं की न्हाणीघरात शिरल्यावर मराकेशला आल्यासारखं वाटलं. मी ते पान मेस्त्रींना वाचून दाखवलं. ते दुसऱ्या एका घराचा कोबा करत होते, उकिडवे बसून.

"ह्यां मराकेश खंय आसा?"

मी फोनवर नकाशा काढून दिला. त्यांनी दोन बोटांनी तो मोठा केला, छोटा केला, इकडे सरकवला, तिकडे सरकवला. काहीतरी सापडत नव्हतं.

"दर्या खंय?"

"समुद्र नाही मराकेशला, मेस्त्रीनू. लांब आहे."

"मगे शिंपले खंयसून हाडतत?"

"शिंपले नाहीत. डोंगरातला दगड भाजतात."

त्यांनी फोन परत दिला. थापीवरचा चुना पाटीच्या काठाला पुसला. "म्हंजे आमचो चुनो बरो," म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले. जूनमधला तो आंबोळीसारखा पापुद्रा माझ्या डोळ्यांसमोर आला, पण मी काही बोलले नाही.